दुपारचा रिकामा रकाना

सकाळची पहिलीच केस. दहा महिन्यांची मुलगी, अंगावर पिणारी, रात्री सहा-सहा वेळा उठते आणि प्रत्येक वेळी छातीशी घेतल्याशिवाय डोळा लावत नाही. आईने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मला बाकी काही नको. फक्त रात्रीचं बंद करायचंय. आज रात्रीपासून काय करू तेवढं सांगा." बाबांच्या मांडीवरून मुलगी माझं पेन हिसकावायच्या खटपटीत होती.

स्तनपान सल्लागार म्हणून ही विनंती मी इतक्यांदा ऐकली आहे, की उत्तर तोंडपाठ झालंय. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर मी या विषयाला हातच घालत नाही. तेव्हा रात्रीचं पाजणं म्हणजे भूकच असते. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत रात्र तोडली तर दूधच कमी व्हायची भीती. पण इथे दहा महिने झालेले, वरचं खाणं सुरू, मूल हसरं आणि रांगणारं. मी कागद ओढला आणि लिहायला लागले. जास्त वेळ चालणारं पाजणं दर दुसऱ्या रात्री दोन-दोन मिनिटांनी कमी करायचं, पाच मिनिटांच्या आतलं असेल तर सरळ थोपटून झोपवायचं, वगैरे.

अर्धं पान झालं असेल. बाबांनी खिशातून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. "मी आठवडाभर नोंद ठेवलीय. उपयोग होईल का?"

रात्रीचे रकाने गच्च भरलेले. ११:१०, १२:३०, १:४५, ३:००, ४:१०, ५:२०. आणि दिवसाचे? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुपारचा रकाना सातही दिवस कोरा.

"हा लिहायचा राहिलाय का?"

"नाही," आई म्हणाली, "ती दिवसा घेतच नाही. मी दोन महिन्यांपूर्वी कामावर परत गेले. काढून ठेवलेलं दूध सासूबाई बाटलीने देतात, दोन घोट घेते आणि बाटली ढकलते. संध्याकाळी मी आले की पिता पिता दर मिनिटाला मान वळवून सगळ्यांकडे बघत बसते."

मी पेन खाली ठेवलं. (ते लगेच मुलीच्या हातात गेलं.) ही मुलगी सवयीने उठत नव्हती. दिवसभराचं दूध आणि दिवसभराची आई, दोन्ही ती रात्री वसूल करत होती. आई कामावर गेली की बऱ्याच बाळांचं असं होतं आणि मला ते पक्कं ठाऊक आहे. तरी मी आधी आराखडा लिहायला घेतला आणि दिवसाचं नंतर विचारलं. विचारलं तरी कुठे, बाबांनीच दाखवलं. वजनाचा तक्ता मागितला. आलेख दोन महिन्यांत आडवा पडत चालला होता. लिहिलेलं अर्धं पान मी फाडलं.

आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि हिचं वरचं खाणं चार-सहा चमच्यांवर अडलेलं. कानही बघून घ्यायचे होते, कारण कान दुखत असेल तर आडवं केल्यावर मूल जास्त रडतं. कान स्वच्छ निघाले, हिमोग्लोबिन मात्र कमी. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं.

मग दोन आठवडे रात्रीला अजिबात हात लावायचा नाही, असं ठरलं. आईचा चेहरा पडला. तिला तेच नको होतं. पण दिवस भरल्याशिवाय रात्र काढून घेणं म्हणजे बाळाच्या तोंडचा घास काढणं. कामावर निघण्यापूर्वी आणि घरी आल्या आल्या, अंधाऱ्या शांत खोलीत पाजायचं, फक्त दोघीच. दुपारी बाटली बाद, छोट्या कपाने घोट-घोट. वरचं खाणं दिवसातून तीनदा, दाटसर. सुट्टीच्या दिवशी न मागताही दर तीन तासांनी छातीशी.

तिसऱ्या आठवड्यात रात्र धरली. झोपतानाचं पाजणं दिवा चालू असताना, कपडे बदलायच्या आधी उरकायचं, म्हणजे स्तन तोंडात असतानाच झोप लागत नाही. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं. ते संपताना बाळ जरा जागं होतं आणि झोप लागताना जे होतं तेच शोधतं. मध्यरात्रीपर्यंत ती जागी झाली की बाबांनी उठायचं. थोपटायचं, गुणगुणायचं, उचलून घ्यावंसं वाटलं तर घ्यायचं. एकटं रडत ठेवायला मी कधीच सांगत नाही. माझ्या मनाला ते पटत नाही. एकच ताकीद दिली: कितीही झोप आली तरी बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लावायचा नाही. ती झोपली की सपाट, घट्ट गादीवर पाठीवर ठेवायची, उशी-पांघरुणांचा ढीग नाही.

पहिल्या रात्री बाबांनी चाळीस मिनिटं थोपटलं. दुसऱ्या रात्री पंचवीस. चौथ्या दिवशी सकाळी आईचा फोन, आवाज रडवेला. उजव्या बाजूला दगडासारखी गाठ. चूक माझी. पाजणं चुकलं की छाती दाटते, तेव्हा आराम पडेल इतपतच दूध हाताने काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही, नाहीतर शरीर तेवढंच पुन्हा बनवतं, हे मी सांगायचंच विसरले होते. ताप नव्हता, असता तर लगेच डॉक्टरांकडे धाडलं असतं. थंड पट्ट्या ठेवल्या, गरजेपुरतं दूध काढलं आणि कमी करायचा वेग निम्म्यावर आणला. दोन दिवसांत गाठ विरली.

सहाव्या आठवड्यात तिघं परत आले. वजनाचा आलेख वर वळलेला. रात्री एकदाच, पाचच्या सुमारास उठते.

"हेही बंद करायचं का?" मी विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. "ते राहू दे. मग मला दिवसभर ती भेटत नाही."

बाबांनी वही उघडली. रात्रीच्या रकान्यात एकच ओळ होती. दुपारचा रकाना भरलेला होता, कपाच्या खुणांसकट, थरथरत्या वेगळ्या अक्षरात. सासूबाईंचं अक्षर.