स्मिथ अँड वेसन .३८ : ब्ल्यूइंग उडालंय आणि ते तसंच राहणार

मागे फक्त एवढंच सांगितलं होतं की स्मिथ अँड वेसनची मिलिटरी अँड पोलीस नावाची रिव्हॉल्व्हर हातात आलीये, चार इंची बॅरल, .३८ स्पेशल काडतुसाची, ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) बऱ्यापैकी गेलेलं. आता आतून बाहेरून बघून झालं, तर अपडेट.

आधी वय. मॉडेल मुळात १८९९ चं, पण हिचा सिरीयल नंबर सी ने सुरू होतो म्हणजे १९४८ च्या आधीची नाही. स्क्रू पाच आहेत, चार साइडप्लेटला, म्हणजे बाजूच्या झाकणाला (एक मुठीवरच्या ग्रिपखाली लपलेला, तो मोजायला लोक विसरतात) आणि एक ट्रिगर गार्डच्या पुढे. साइडप्लेटचा वरचा स्क्रू कंपनीने १९५५ च्या आसपास बंद केला, आणि मॉडेल नंबर मारायला लागले १९५७ पासून, तो हिच्यावर नाहीच, त्यामुळे मॉडेल १० (याच मॉडेलचं नंतरचं नाव) म्हणून विकली तरी खरं तर त्याच्या आधीची. बटवरचा, म्हणजे मुठीच्या तळाचा नंबर, सिलिंडरच्या मागच्या बाजूचा, बॅरलखाली इजेक्टर रॉडच्या (रिकाम्या केसेस बाहेर ढकलणारा दांडा) खाचेतला आणि उजव्या ग्रिपच्या आतला, सगळे जुळतात. ग्रिपचा जुळला तेव्हा खरं बरं वाटलं कारण ग्रिप्स सगळ्यात आधी बदलल्या जातात.

आता फिनिश. नळीचं तोंड, सिलिंडरच्या कडा आणि साइडप्लेटचा उंच भाग पांढरा पडलाय, हे होल्स्टरचं घासणं, बॅकस्ट्रॅप (मुठीची मागची पट्टी) तपकिरी झालाय तो हाताच्या घामाने. सगळ्यांचा पहिला सल्ला एकच, री-ब्ल्यू (नव्याने ब्ल्यूइंग) करून घे, नवी दिसेल. नवी दिसेल हो, पण कलेक्टरच्या लेखी किंमत खाली येईल. उडालेलं पण ओरिजिनल ब्ल्यूइंग हे चकचकीत री-ब्ल्यूपेक्षा जवळजवळ कायम वरचढ, अपवाद म्हणजे आधीच कोणी खराब केलेली असेल तर. माझ्या रिव्हॉल्व्हरवर आधी कोणी असा हात चालवलाय का हे बघायला भिंग घेऊन बसलो, स्क्रूच्या भोकांच्या कडा धारदार आहेत, बफिंग व्हीलने त्या बशीसारख्या खोलगट होतात तशा नाहीत, लोगोची अक्षरं खोल आहेत, साइडप्लेटचा सांधा नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे हॅमर आणि ट्रिगरवर केस हार्डनिंगचे (पोलादाचा वरचा थर कडक करायची प्रक्रिया) ते राखाडी-निळे-तपकिरी ढग अजून आहेत, री-ब्ल्यू करणारे बऱ्याचदा तेही बुडवून काळे करून टाकतात. एनआरएच्या (अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन) ग्रेडिंगमध्ये मी हिला गुड म्हणेन, व्हेरी गुड म्हणणारा विकायला बसलेला असतो.

मेकॅनिकल बाजू मात्र दिसण्यापेक्षा फार चांगली. रिकामी आहे ना हे सहाही चेंबर उघडून बघितलं आणि मग सिलिंडरवर बोटाचा हलका ब्रेक ठेवून हॅमर हळूहळू मागे ओढला, प्रत्येक चेंबरला हॅमर पूर्ण मागे जायच्या आधी सिलिंडर लॉक होतोय. पुढेमागे हलणं जेमतेम. बॅरल आणि सिलिंडरमधला गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) .००६ इंच, .०१० च्या पुढे गेला असता तर विचार करावा लागला असता. फोर्सिंग कोनला, म्हणजे बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडाला, तडा नाही. किंमत ठरवताना मी याला फिनिशइतकंच वजन देतो, फोटोत दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात.

साइडप्लेट उघडली, पण पेचकस घालून उचकटायची नाही हां, स्क्रू काढायचे आणि ग्रिप फ्रेमवर लाकडी दांड्याने टकटक करायचं, ती आपली आपण वर येते. पेचकसही हॉलो ग्राउंड, म्हणजे खाचेत चपखल बसणाऱ्या टोकाचा हवा, साध्याने स्क्रूच्या खाचा फाटतात आणि फाटलेल्या खाचा लांबूनच दिसतात. आत वाळून मेणासारखं झालेलं जुनं तेल निघालं, बाकी गंज नाही.

बाहेरच्या गंजाला भरपूर तेल, दोन दिवस मुरू दिलं, मग ०००० नंबरची स्टील वूल अगदी हलक्या हाताने. तांबडा गंज फडक्यावर येतो, खालचा तपकिरी थर तसाच ठेवला. दाबून घासलं की उरलेलं ब्ल्यूइंगही जातं, ते पण ऑक्साइडच आहे शेवटी. बॅकस्ट्रॅपवर दोनतीन बारीक खड्डे निघाले, ते राहतील. कोल्ड ब्ल्यू (घरी फडक्याने लावायचं रसायन) लावायचा मोह होतो पण त्याचा रंग जुन्याशी जुळत नाही आणि बघणाऱ्याला लगेच संशय येतो. वरून रेनेसाँ वॅक्सचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात ते मेण) पातळ थर. (निकेलचा मुलामा असलेली बंदूक वापरणाऱ्यांनो, अमोनियावालं सॉल्व्हंट लांब ठेवा, निकेल टवकलं असेल तर ते खालच्या तांब्याच्या थरात शिरतं आणि मग निकेलची पापुद्री सुटते.) चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवणं बंद, ते ओल धरून ठेवतं, आता सिलिकॉन लावलेल्या कापडी मोज्यात, लॉकरमध्ये, सिलिका जेलसोबत.

राहिलंय ते इजेक्टर रॉड, किंचित ढिला वाटतोय. या काळातल्या रॉडचे आटे सरळ आहेत, उलटे नंतर १९६१ च्या सुमारास आले, त्यामुळे कुठल्या बाजूला पिळायचं ते आधी नक्की करून आणि चेंबरमध्ये रिकाम्या केसेस घालूनच हात लावणार, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरच्या (केसेस उचलणारी चकती) पिना वाकायच्या. कंपनीच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे लेटरसाठी अर्ज टाकलाय, कुठल्या तारखेला आणि कोणाकडे रवाना झाली ते कळलं की पुढचं लिहितो.