सही जुळत नाही

बँकेत केवायसीचा अर्ज भरून दिला. खिडकीपलीकडच्या मुलीने कागद बघितला, स्क्रीन बघितली, पुन्हा कागद बघितला आणि म्हणाली, "काका, ही तुमची सही नाही."

काका समोर उभे, पेन हातात, शाई अजून ओली! पण तिचंही चुकत नव्हतं. आदल्या दिवशी मराठी भाषा दिनाची भाषणं ऐकून आलो होतो आणि त्या भरात, आजपासून सही मराठीत, असं ठरवून टाकलं होतं. "सिस्टीममध्ये इंग्लिश आहे. तशीच करा ना," ती म्हणाली. हे सगळं बोलणं अर्थातच मराठीत चाललं होतं.

खरं सांगायचं तर कागदावर होती ती सही नव्हतीच, कित्ता होता. 'काळे'मधला ळ मी इतका सुबक काढला होता की तिसरीतल्या बाईंनी पाठ थोपटली असती. इंग्रजी सही चाळीस वर्षं घटवलेली. आधी 'के'सारखं काहीतरी, मग सळसळत गेलेली रेघ आणि खाली दोन टिंबं. त्यात इंग्रजी तरी कुठे उरलंय म्हणा.

आमच्या घरी पणजोबांचं एक खरेदीखत आहे, मोडीतलं. लेखणी फारशी न उचलता लिहायची ती लिपी, सह्यांसाठीच जन्मल्यासारखी. जुन्या कागदांवर तर अक्षरांचीही गरज नसे. पाटलाने निशाणी म्हणून नांगर काढला, वाण्याने तागडी काढली की काम झालं. माणूस काय करतो ते तरी कळायचं. आजोबा देवनागरीत सही करत. वडील रेल्वेत लागले आणि विष्णू केशवचे 'व्ही. के.' झाले.

ही आद्याक्षरं हा एक स्वतंत्र विषय आहे. ना. ग. गोरे आणि एस. एम. जोशी, दोघेही पुण्याचे, दोघेही समाजवादी. पण एकाला मराठी आद्याक्षरं चिकटली, दुसऱ्याला इंग्रजी. श्री. म. जोशी म्हटलं तर समोरचा 'हे कोण?' म्हणेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख, मूळचे महाडकडचे, तेही आपल्याला 'सी. डी.' म्हणूनच माहीत.

इंग्रजीवर भाळून कुणी हे केलं नाही. उलट आधी साहेबच मराठी शिकत होता. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश काढला १८३१ साली. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली १८५७ मध्ये आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ उघडलं. मग शिकवणी फिरली. नोकरी, कोर्ट, रेल्वे, तार, सगळ्यांची दारं त्याच बाजूला उघडत होती. तरी साहेब गेल्यावर इंग्रजीचं फारसीसारखं होऊ शकलं असतं. फारसीचं राज्य गेलं, मागे अर्ज, वकील, तारीख राहिले. 'सही'सुद्धा त्याच वाटेने आलेली. पण ब्रिटिश घरी निघाले तोवर दुकान अमेरिकेने चालवायला घेतलं होतं. १९६३ साली तिकडे संगणकासाठी अक्षरांचा तक्ता ठरला, १२८ खान्यांचा. त्यात ळ कुठून असणार! देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती १९९१ साली.

पासपोर्ट उघडून बघा. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. तिथे फक्त रोमन मोठी अक्षरं, आकडे आणि कोनासारखी एक खूण चालते. चिनी असो, अरबी असो, सगळ्यांना याच मापात बसावं लागतं. (लिपी रोमन आहे, इंग्रजांच्या बापाची नव्हे, पण ती इंग्रजी धाटणीने वाचायची सवय जगाला लागली आहे.) माझी पुतणी जर्मनीत असते. तिच्या कचेरीत एक कोरियन, एक ब्राझीलची आणि ही. तिघांपैकी एकाचीही मातृभाषा इंग्रजी नाही, पण चहापासून पगारापर्यंत सगळं इंग्रजीत. भांडणंही. आमचं आडनाव तिथे सगळे 'केल' वाचतात. केल ही तिकडची कोबीच्या जातीची पालेभाजी. आधी तिला राग यायचा, आता ओ देते.

"काका, मागे लाईन आहे," मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरची पाटीही इंग्रजीत होती. मराठी सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी नेहमीची सही केली. हात झोकात फिरला.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. "हां, आता जुळतेय. फक्त खालचं एक टिंब राहिलं."

टिंब दिलं.