हिरवी पिशवी

लहानपणी गावी पाहुणे आले की काकी परड्यात बसून कोंबडी साफ करायच्या आणि आम्ही पोरं भोवती कोंडाळं करून बसायचो. पिसं, वजडी सगळं भराभर व्हायचं, पण काळजापाशी आल्या की काकींचा हात सावकाश व्हायचा. काळजाला चिकटलेली, बोटाच्या पेराएवढी गडद हिरवी पिशवी. ती त्या उपटायच्या नाहीत. भोवतीचं चिमूटभर काळीज धरूनच कापायच्या. "काळीज गेलं तर जाऊ दे गा, पण पिशवी फुटली तर सगळी कोंबडी कडू हुतीय."

मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामावर आहे. पाईप, वाल्व, सील यांतच हयात गेली. तरी माझ्याच पोटातली हिरवी पिशवी, म्हणजे पित्ताशय, बिघडलीय हे कळायला आठ महिने गेले, कारण 'पित्त' या शब्दानंच मला फसवलं.

आपल्याकडं छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली की 'पित्त झालंय'. मग धण्याचं पाणी, कोकमाचं सार. ती जळजळ असते जठरातल्या आम्लाची. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि ते आम्ल नसतंच, उलट जठरातून पुढं आलेल्या आम्लाचा जोर मोडायला मदत करतं. मला दुखायचं ते जत्रेचं मटण जेवून झोपल्यावर, रात्री दोनच्या सुमाराला, उजव्या बरगडीखाली. तिथून कळ मागं खवाट्यापर्यंत जायची. बायको म्हणायची, "पित्तच आहे, मटण कमी खा म्हटलं तर ऐकायचं नाही." बाईचं निदान शब्दाला शब्द बरोबर निघालं, फक्त आम्ही दोघंही जठराकडं बोट दाखवत होतो.

सोनोग्राफीला रिकाम्या पोटी बोलावलं. पोट रिकामं असलं की पित्ताशय भरलेलं असतं, म्हणून नीट दिसतं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "पित्तकोशदल्ली कल्लु इदे." पित्तकोशात खडे आहेत. कन्नडमध्ये यकृताला तर पित्तजनकांग म्हणतात, म्हणजे पित्त तयार करणारा अवयव. आम्ही मराठीवाले कलेजीलाही काळीज म्हणतो आणि प्रेमात पडल्यावर जे तुटतं त्यालाही काळीजच. या एका बाबतीत कन्नड शब्द जास्त कामाचा, हे मान्य करून टाकतो.

सर्जननी रिपोर्टच्या पाकिटावर पेनानं चित्र काढलं आणि मला एकदम आमच्या शॉपचं ड्रॉइंग बघितल्यासारखं वाटलं. यकृताच्या उजव्या-डाव्या भागातून एकेक नळी येते, दोन्ही मिळून एक होते. त्या मेन लाईनला बाजूनं जोडलेली टाकी म्हणजे पित्ताशय, यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेलं, लहान वांग्याच्या आकाराचं, 7 ते 10 सेंटीमीटर लांब. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त करतं आणि टाकीत मावतं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर. मग जमतं कसं? टाकीची भिंत त्यातलं पाणी शोषून घेते आणि पित्त दाट होत जातं. दाट झालं की साका, साक्यापासून खडे. टाकीच्या नळीला आतून मळसूत्री घड्या असतात, अगदी आटे पाडल्यासारख्या. हे ऐकून मी खुर्चीत पुढं सरकलो.

पण खरी गंमत शेवटच्या जोडाला. मेन लाईन ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या मागून उतरते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथं स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते आणि बहुतेकांत दोघींचं तोंड एकच. त्या तोंडावर एक वाल्व. रुग्गेरो ओड्डी नावाच्या इटालियन पोरानं तो 1887 साली, विद्यार्थी असतानाच, नीट अभ्यासून मांडला. तेलकट खाणं ग्रहणीत उतरलं की रक्तात एक संप्रेरक सुटतं. त्या एकाच सिग्नलवर टाकी आवळते आणि वाल्व सैल होतो. आमच्याकडं एवढ्यासाठी पॅनेल बसवावं लागतं. माझा खडा टाकीच्या मानेत अडकायचा, टाकी आवळत राहायची आणि मी अंथरुणात तळमळायचो. तोच खडा सुटून खाली त्या सामाईक तोंडाशी बसला असता, तर कावीळ झाली असती आणि स्वादुपिंडालाही सूज आली असती. आमच्या भागात डोळे पिवळे झाले की पहिल्यांदा पाल्याचा रस प्यायला गाव गाठतात. लाईनीत खडा बसला असेल तर पाला काय करणार?

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन 1882 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखनी केलं. भारतात दुर्बिणीतून पहिल्यांदा ते डॉ. तेहमटन उडवाडियांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे.मध्ये केलं. माझंही दुर्बिणीतूनच झालं, चार भोकं. सर्जन म्हणाले, कापणं सोपं, ओळखणं अवघड. टाकीची नळी आणि तिची रक्तवाहिनी या दोनच गोष्टी टाकीत शिरताना स्पष्ट दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही, कारण मेन लाईन शेजारीच, जेमतेम 6 मिलिमीटरची. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखालता. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसनं छाती आणि पोटामधला पडदा चिडतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्याला. आता टाकी नाही. पित्त थेट आतड्यात ठिबकतं. घोड्याला तर जन्मतःच टाकी नसते, तो कुठं अडतोय?

सात खडे बाटलीत घालून दिले. घरी व्हर्नियर लावून बघितलं, सगळ्यात मोठा 11 मिलिमीटर. काकी भेटायला आल्या तेव्हा बाटली उजेडात धरून हलवून बघितली आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत किती कोंबड्या केल्या, पण एकीच्या पण पिशवीत खडा सापडला न्हाई गा."