दोन गाण्यांच्या मधलं माणूस

काल रात्री कॅबने दादरहून ठाण्याला येत होते, एफएम चालू होता, आणि सवा तासात (ट्रॅफिक, दुसरं काय) एकच गाणं तीनदा ऐकलं. आरजे भरपूर बोलली, पण गाण्याबद्दल चकार शब्द नाही. आता तिचा तरी काय दोष म्हणा, गाणी कॉम्प्युटरवर आधीच लावलेली, तिच्या वाट्याला मधली काही सेकंदं, त्यातही निम्मी स्पॉन्सरची.

मला आपले बाबा आठवले. बाबांच्या लहानपणी बुधवार म्हणजे रात्री ८ ला रेडिओ सिलोनवर (श्रीलंकेचं स्टेशन) बिनाका गीतमाला, हिंदी गाण्यांची क्रमवारी. गावात दोन-तीनच रेडिओ, त्यातला एक हॉटेलवाल्याकडे, त्यामुळे एक चहा घेऊन चौघं बसायचे. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा-जायचा, नेमका वरच्या पायदानचं (म्हणजे वरच्या नंबरचं) गाणं सांगताना गायब व्हायचा आणि मग हॉटेलात भांडणं, कुठलं म्हणाला रे! सकाळी सिलोनलाच जुन्या गाण्यांच्या शेवटी सैगल लागायचा, तो लागला की शाळेला निघायची वेळ झाली, घड्याळ बघायची गरजच नाही. आणि गंमत म्हणजे गीतमालाचे निवेदक अमीन सयानी सिलोनलाच राहतात असं बाबांना कित्येक वर्षं वाटायचं. माणूस अस्सल मुंबईकर, रेकॉर्डिंग मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला, आणि तिथून परत आमच्या हॉटेलात!

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे भोक्ते, त्यांनी आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळजवळ बंदच पाडली. त्याच वर्षी डिसेंबरात गीतमाला सुरू झाली. सिलोनकडे महायुद्धाच्या काळातला दणदणीत ट्रान्समीटर होताच. दिल्लीला शहाणपण सुचून विविध भारती आली १९५७ मध्ये, तोवर लोकांची सुई सिलोनवर जाऊन बसलेली.

पण नुसत्या ट्रान्समीटरने काय होतंय. सयानींचं 'बहनों और भाइयों', आधी बहनों! तेव्हाचे बाकी निवेदक सरकारी नोटीस वाचल्यासारखे बोलायचे, हा माणूस ओट्यावर येऊन बसल्यासारखा. ती साधी हिंदुस्तानी घरातूनच आलेली, आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत काढायच्या आणि हा मुलगा त्यांच्या हाताखाली. कोणालाही कळेल असं बोलायचं हे तिथे मुरलं असणार. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा बाबा दिवसभर गप्पच होते.

माझ्या पिढीला (हॉस्टेल, उशाशी ट्रान्झिस्टर, रूममेटच्या शिव्या) मिळालं ते विविध भारतीचं छायागीत. रात्री १० ला, गाणी निवेदकाच्या स्वतःच्या पसंतीची, मधलं बोलणंही त्याचंच. कोणी पावसावर अर्धा तास काढेल, कोणी फक्त विसरलेली गाणी शोधून आणेल. पहिल्या गाण्यावरून आज कोण आहे ते ओळखायचं हा आमचा खेळ होता, आणि बऱ्याचदा बरोबर यायचं. प्लेलिस्टवाल्या स्टेशनवर हा खेळ खेळून दाखवा.

तर काल मुलुंडच्या आसपास १० वाजायला आले, मी ड्रायव्हरकाकांना म्हटलं, काका, विविध भारती लावता का? त्यांनी न बघता बटण दाबलं आणि म्हणाले, "बघू, आज कोणाचं आहे."