वाचनालयाच्या सर्व्हरला डिस्क आतली की बाहेरची?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या कॅसेटींची दोन कपाटं भरली आहेत. जत्रेतली नाटकं, सप्ताहातली भजनं, कीर्तनं. कुणीतरी पुढच्या रांगेत बसून टेपरेकॉर्डरवर घेतलेली, त्यामुळे ऐन पदात शेजारच्याचा खोकलाही ऐकू येतो. हे सगळं डिजिटल करून वेबसाइटवर ठेवायचं कार्यकारिणीने ठरवलं आणि "तू पणजीत कॉम्प्युटरचंच काम करतोस ना?" म्हणून सर्व्हर माझ्या गळ्यात आला. ह्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. आमची नाटकं निदान इंटरनेटपर्यंत पोचावीत, एवढीच अपेक्षा.

आधी जागेचा हिशेब. ९० मिनिटांची कॅसेट ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ अशी वेव्ह फाइल म्हणून घेतली की साधारण ९५० एमबी होते. ऐकणाऱ्यांसाठी ३२० केबीपीएसची एमपीथ्री केली की आणखी २१६ एमबी. मूळही ठेवायचं आणि ऐकायचीही ठेवायची, म्हणजे भाड्याच्या क्लाउडचं महिन्याचं बिल वाचनालयाला झेपणारं नव्हतं. ब्रॉडबँड होतंच. स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतला आणि एका सभासदाने दिलेल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स चढवलं. त्यात १२० जीबीची एसएसडी (चिपांवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) होती, ती ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसला पुरेशी. कॅसेटी कुठे ठेवायच्या, एवढाच प्रश्न उरला.

"एक्स्टर्नल घे रे," खजिनदार काका म्हणाले. "वायर लावली की झालं. उद्या छप्पर गळायला लागलं तर पिशवीत घालून घरी नेता येते." म्हणणं वावगं नव्हतं. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, आणि मी असतो पणजीत. बाहेरची डिस्क बदलायची तर कुणालाही फोनवर सांगता येतं. आतली बदलायची तर स्क्रूड्रायव्हर घेऊन मलाच जायला हवं. शिवाय वाचनालयात २ टीबीची एक पॉकेट डिस्क पडूनच होती. तीच लावून काही आठवडे साइट चालवून बघायचं ठरलं.

यूएसबी म्हणजे संथ, असं बरेच जण सांगतात. आमच्यासारख्या साइटला तो मुद्दा लागू होत नाही. ३२० केबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० केबी. एकाच वेळी पन्नास जण नाटक ऐकायला बसले (बसतील तो सुदिन!) तरी सेकंदाला २ एमबी. एवढं जुन्या यूएसबी २.० लाही जड नाही. आमच्या लाइनची अपलोडची गतीच ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६ एमबी. सॅटाचे (आतली डिस्क ज्या वायरीने जोडतात तिचे) ६ जीबीपीएस आणि यूएसबी ३.० चे ५ जीबीपीएस ह्यांची तुलना खोक्यावर वाचायला छान, पण त्या अरुंद लाइनीपुढे दोन्ही सारखेच. वेग खरंच लागतो तो डेटाबेसला, कारण तिथे बारीकसारीक नोंदी जागा बदलून बदलून लिहाव्या लागतात. ५४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ५.६ मिलिसेकंद लागतात, आणि डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. म्हणून डेटाबेस एसएसडीवरच ठेवला होता, त्याबद्दल वाद नव्हता.

अडलं ते निराळ्याच ठिकाणी. ह्या पॉकेट डिस्का घरगुती वापरासाठी बनवलेल्या असतात. काही मिनिटं काम नसलं की फिरायच्या थांबतात. साइटवर सतत वर्दळ असेल तर हे कळतही नाही. आमच्याकडे तासाला दोन-तीन जण यायचे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जण झोपलेल्या डिस्कला उठवायचा. प्ले दाबलं की पाच-सात सेकंद शांतता. माझ्या आत्याने तर "तुमचं नाटक सुरूच होत नाही" म्हणून फोन ठेवून दिला. झोप बंद करायची आज्ञा लिनक्सवरच्या एचडीपार्म ह्या प्रोग्रामने देता येते, पण मधली यूएसबीची चिप ती डिस्कपर्यंत पोचवेलच असं नाही. आमच्या खोक्यातली पोचवत नव्हती. शेवटी दर मिनिटाला एक फाइल लिहिणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) लावलं. चाललं, पण मग ती पंखा नसलेली बंद डबी दिवसभर गरम राहू लागली.

आणि मग वायर. एका सोमवारी साइट उघडत होती, पण एकही फाइल वाजत नव्हती. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या लॉगमध्ये सकाळी साडेनऊला यूएसबी डिस्कनेक्ट, आणि पुढच्याच क्षणी तीच डिस्क नव्या नावाने हजर: एसडीबी गेली, एसडीसी आली. वाचनालयाच्या ताईंना फोन केला.

"अरे, त्या डबीचा दिवा लुकलुकत नव्हता, म्हणून मी वायर काढून परत लावली. काही बिघडलं नाही ना?"

ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. टेबलावर दिसणारी, हलणारी वस्तू झाडताना उचलली जाणारच. कुठली डिस्क कुठे जोडायची त्या एफएसटॅब नावाच्या यादीत डिस्कचा न बदलणारा क्रमांक, यूयूआयडी, लिहिला असला तरी त्याचा उपयोग माउंट करताना, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडताना. चालू असताना वायर सुटली की जुनं माउंट मेलेल्या नावाला धरून बसतं. फाइल लिहिली जात असताना हे झालं असतं तर एक्स्ट४ ह्या लिनक्सच्या फाइलसिस्टिमची जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलसिस्टिम सावरते, पण अर्धी लिहिलेली कॅसेट अर्धीच राहते.

त्या निमित्ताने मी आणखी एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. डिस्क काढून मशीन रीस्टार्ट केलं. एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी अडू नको) लिहिलेलं असल्याने मशीन निमूट सुरू झालं. डिस्क नसली तरी माउंटचं रिकामं फोल्डर जागेवर असतंच, आणि फाइल चढवणारा प्रोग्राम खुशाल त्यात लिहू लागला, म्हणजे प्रत्यक्षात छोट्या एसएसडीवर. रात्रभर चाललं असतं तर एसएसडी गच्च भरून डेटाबेससकट सगळं आडवं. त्यावर उपाय आहे: डिस्क माउंट झाल्याशिवाय ती सेवा सुरूच करायची नाही, असं सिस्टमडीला (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामला) सांगता येतं. ते केलं. पण एका वायरीसाठी किती पहारे बसवायचे, हा विचार तिथूनच बळावला.

तरी लगेच आतल्या डिस्ककडे गेलो नाही. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी मोठी साडेतीन इंची एक्स्टर्नल बघायला म्हापशातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने खोकं काढण्याआधीच विचारलं, "लायट गेल्यार कितें करतलो?" प्रश्न बरोबर होता. सर्व्हर यूपीएसवर, आणि डिस्कचा अडॅप्टर भिंतीतल्या पॉइंटवर असेल तर लाईट जाताच मशीन चालू आणि डिस्क बंद, म्हणजे तीच सोमवारची गत, पावसाळ्यात कदाचित रोज. अडॅप्टर यूपीएसवर लावावा तर आमच्या छोट्या यूपीएसला तीनच सॉकेट. सर्व्हर, राउटर, आणि तिसऱ्यात इंटरनेटवाल्यांची डबी. आतल्या डिस्कला वेगळी वीज लागत नाही. मशीन जितका वेळ जिवंत, तितका वेळ ती जिवंत. यूपीएसने बंद व्हायचा इशारा दिला की दोघं एकत्र, रीतसर बंद होतात. मला पटवलं ते ह्या मुद्द्याने.

दुकानदाराकडून दुसरी कामाची गोष्ट कळली ती एसएमआरची. ह्या डिस्कांत डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर त्यावरची उचलावी लागतात, म्हणून बरंच लिखाण एकदम आलं की डिस्क मान टाकते. छोट्या पॉकेट डिस्कांत हा प्रकार सर्रास असतो आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. आतली डिस्क मात्र कंपनीच्या तक्त्यात मॉडेल नंबर बघून सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) आहे ना, ते तपासून घेता येते. तशी ४ टीबीची, ५४०० आरपीएमची घेतली. कॅसेटींना त्याहून वेग नको, आणि ती कमी तापते.

बसवायला रविवार धरला. कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत पालीची दोन अंडी आणि पंख्यावर धुळीचा जाड थर. ब्लोअर मारला. सॅटाची डेटा वायर सोबत नेली होती. वीजपुरवठ्याच्या तारेवर एक मोकळं टोक होतंच. एक सांगून ठेवतो: साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि एसएसडीचे बारीक एमथ्री, एकाचे दुसऱ्यात बळेच फिरवले तर आटे जातात. डिस्क शक्यतो पंख्यासमोरच्या खणात बसवावी. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल ह्या प्रोग्राममध्ये दुपारी ३८ अंश दिसले, त्याच खोलीत पॉकेट डिस्क ४९ पर्यंत गेली होती. त्याच यादीत १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न आलेल्या जागा, शून्यावर आहे ना हे मी दर आठवड्याला पणजीतून बघतो. १९९ क्रमांकाची, म्हणजे वायरीतून डेटा जाताना झालेल्या चुकांची नोंद वाढू लागली तर मात्र डिस्कवर संशय घेण्याआधी डेटा वायर बदलावी.

जुनी पॉकेट डिस्क वाया गेली नाही. तिच्या जोडीला तशीच एक घेतली. शनिवारी ताई एक डिस्क सर्व्हरला लावतात, आरसिंक हा प्रोग्राम नवीन फाइल तिच्यावर उतरवून घेतो, डिस्क अनमाउंट होते आणि त्यांच्या मोबाइलवर "काढा" असा मेसेज जातो. मग ती सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात बंद होऊन काकांच्या घरी, आणि पुढच्या शनिवारी दुसरीची पाळी. कुणीही वायर काढू शकतं, हा जो गुण सर्व्हरवर नडत होता, तोच इथे उपयोगी पडतो. चवथीच्या आधी त्यातल्या एकीवरून एक अख्खं नाटक परत उतरवून, तिन्ही अंक ऐकून खात्री केली.

काकांनी बिलावर सही करताना विचारलं, "आत एक, बाहेर दोन, मग बाहेरचीच का नाही चालली?" मी वायरीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे पिशवीत घालून न्यायची सोय राहिली ना? मग हरकत नाही." मदरबोर्डवर सॅटाचं आणखी एक पोर्ट मोकळं आहे. शेजारच्या गावच्या मंडळानेही त्यांच्या कॅसेटी देऊ केल्या आहेत, त्या आल्या की तेही भरेल.