मुलाचं नाव लिहू नका, ताई

पोलीस ठाण्याच्या आवारात आमचं महिला सहाय्य केंद्र आहे, तिथे मी समुपदेशक आहे. बाहेरच्यांना वाटतं, बायका रडत येतात आणि आम्ही नवऱ्याला बोलावून दम देतो. खरं तर आमचा निम्मा दिवस कागदांत जातो. रेशनकार्ड कुणाच्या ताब्यात आहे, मुलांचे दाखले कुठे आहेत, अंगावरचे दागिने माहेरचे किती आणि सासरचे किती. मारहाणीबद्दल बाई पहिल्या भेटीत क्वचितच नीट बोलते.

ही बाई तर स्वतःहून आलीच नव्हती. शेजारच्या मावशींनी तिला दंडाला धरून आणलं होतं. सोबत तिचा १३ वर्षांचा मुलगा, शाळेच्या गणवेशात. आदल्या रात्री ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून त्यांना घरी पाठवलं होतं, कारण अंगावर जखम दिसत नव्हती.

तिने नाव सांगितलं आणि मी सावध झाले. आवाज घोगरा, फाटलेला. "मारलं का?" असं विचारलं की "थोडंसं" एवढंच उत्तर मिळतं, म्हणून मी तसं विचारतच नाही. गळा धरला होता का? एका हाताने की दोन्ही हातांनी? डोळ्यांपुढे अंधारी आली? कपड्यांत लघवी झाली? आत्ता गिळताना दुखतं? लघवीचं विचारल्यावर तिने माझ्याकडे चमकून पाहिलं आणि होकाराची मान हलवली. पाण्याचा घोट ती मान एका बाजूला कलती करून गिळत होती. डोळ्याची खालची पापणी जरा ओढून पाहिली, तर आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. गळ्यावर मात्र काहीही नाही. गळा दाबल्यावर पुष्कळदा बाहेर वळ उमटतच नाही. सूज आत चढते, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर ती कधी कधी उशिरा कळते. शिवाय ज्याने एकदा बायकोचा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे तिचा जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. अशा केसला कुणी "नवरा-बायकोचं किरकोळ भांडण" म्हटलं की माझं डोकं तापतं.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी "बाह्य जखम नाही" एवढं लिहून कागद पुढे सरकवला. मी टेबलापासून हलले नाही. 'पतीने दोन्ही हातांनी गळा दाबल्याचे रुग्ण सांगते. आवाज घोगरा, गिळताना वेदना, डोळ्यांत रक्ताचे ठिपके' ही ओळ लिहून घेतली, घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी घेतली, तेव्हाच बाहेर पडले. पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं राहिलं. ही ओळ लिहायला डॉक्टरांना आणि विचारायला पोलिसांना शिकवणं एका दुपारचं काम आहे. ती दुपार कुणी काढत नाही.

मग राहण्याचा प्रश्न आला. निवारागृहात जागा होती, पण एवढ्या मोठ्या मुलाला आईसोबत ठेवून घेत नाहीत. तिथे इतर बायका-मुली असतात, नियमामागचं कारण मला कळतं. पण मग मुलाने जायचं कुठे? ती म्हणाली, "त्यानेच बापाचे हात सोडवले, ताई. त्यालाच बापापाशी टाकून जाऊ?" मी फोन करत होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "दोघं माझ्याकडे राहतील." मावशींचं घर तिच्या घरापासून दोन दारं सोडून. मी नाही म्हणणार होते. पण तिला तेच हवं होतं, मग आम्ही त्यावरच काम केलं. मागच्या दाराची कडी बदलायची, ११२ नंबर मुलाच्या आणि मावशींच्या बोटाखाली ठेवायचा, कागदांची पिशवी तिसऱ्याच घरी, आणि शाळेत वर्गशिक्षिकेला सांगायचं की वडील न्यायला आले तर मुलाला सोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम चौदा जणींनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसतं, आणि तीही बहुतेकींनी आपल्याच माणसांकडे. आमच्या दारापर्यंत येणारी बाई बहुधा अशा एखाद्या मावशीमुळेच येते. सरकारी योजनांत या मावशींसाठी काहीही नाही.

दुपारी सासरची माणसं आली, सोबत गावातले एक वजनदार गृहस्थ. "एकदा समोरासमोर बसवा, मिटवून टाकू." मी बैठक घेतली नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे नियम समुपदेशकाला स्पष्ट सांगतात की प्रतिवादीला हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे त्याला आधीच बजावायचं. नवऱ्याचं पहिलं वाक्यच होतं, "तिने उलट उत्तर दिलं म्हणून." आमच्याकडच्या एक ज्येष्ठ बाई नंतर म्हणाल्या, बैठक घ्यायला काय हरकत होती, समेट झाला असता. महिन्याच्या अहवालात समेटाचा रकाना असतो आणि तो भरलेला दिसला की वरचे खूश होतात. बाई जिवंत आहे का, याचा रकाना नाही.

तिचं म्हणणं सरळ होतं. "तो जेलात नको, घरात नको." कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा नेमकं हेच देऊ शकतो, कलम १९ खाली नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगता येतं. सासरचे म्हणाले, घर सासूच्या नावावर आहे. ठाण्यातल्या एका साहेबांनीही मान डोलावली. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. ते अजून ठाण्यापर्यंत झिरपलेलं नाही. सासू मात्र तिथेच राहील, बाईला घराबाहेर काढण्याचा आदेश या कलमाखाली देता येत नाही. हे सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे, त्या मला मारत नाहीत."

घटना अहवाल भरताना अडलं. "मुलाचं नाव लिहू नका, ताई." डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार तोच एकटा. मी नाव लिहिलं नाही, दवाखान्याचा कागद जोडला आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अहवाल दिला. कोर्टाची पहिली तारीख तीन दिवसांत मिळावी असं कायदा म्हणतो. तसं झालं नाही. पण अंतरिम आदेश झाला, नवरा सध्या घराबाहेर आहे आणि ती आपल्या घरी परतली आहे.

आता नवऱ्याने कोर्टातल्या उत्तरात सगळंच नाकारलंय. परवा शाळा सुटल्यावर मुलगा आईबरोबर आला आणि मलाच विचारू लागला, "मी जजसाहेबांना सांगू शकतो का?" आई लगेच नाही म्हणाली. नातेवाईक त्याला आधीच ऐकवतात की बापाला तूच बाहेर काढलंस. कोर्टात बोलला तर ते त्याला जन्मभर चिकटेल, ही तिची भीती. ती खरीच आहे. पण त्या रात्रीचं तो कुणाशीच बोललेला नाही, आणि त्याला बोलायचंय. कलम १६ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, एवढं मी दोघांना सांगितलं. वकीलबाईंना त्याची साक्ष हवी आहे. मला विचाराल तर एकदा वाटतं बोलू द्यावं, एकदा वाटतं त्याचं काम त्याने त्या रात्रीच केलंय. पुढच्या तारखेआधी वकीलबाईंशी आईची भेट ठरवली आहे. मुलाला त्यात बसवायचं की नाही, हे आई ठरवेल. त्याच्यासाठी मुलांच्या समुपदेशकाची वेळ मात्र मी घेऊन ठेवली आहे, साक्ष होवो न होवो.