सोलापूरचा हापसा, मुक्काम कटेटे

पूर्व झांबियात कोणी दार वाजवत नाही. अंगणाच्या कडेला उभं राहून ‘ओदी!’ म्हणायचं आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्या दिवशी पहाटे साडेपाचला ‘ओदी’ची हाक आली ती एकदम पाच-सहा गळ्यांतून. बाहेर येऊन बघते तर पाणी समितीच्या बाया, आणि त्यांच्यामागे रिकामे पिवळे कॅन घेऊन निम्मं गाव. आधी रीतसर ‘म्वाउका ब्वांजी’ झालं, म्हणजे कशा उठलात? त्यावर ‘न्दाउका ब्विनो, काया इनु’, बरी उठले, तुम्ही? हे प्रत्येकीशी वेगवेगळं, गुडघे किंचित वाकवून, हातांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवत. घराला आग लागली तरी आधी हेच होणार याची मला तोवर खात्री पटली होती. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “अमाय (म्हणजे आई), पंप बंद पडलाय. तुमचाच आहे ना, बघा जरा.”

तुमचा म्हणजे इंडियाचा. इंडिया मार्क टू.

मी कोण आणि तिथे काय करत होते ते पटकन उरकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, एका संस्थेचा फॉर्म भरला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वर्षभरासाठी कटेटेजवळच्या एका गावात जाऊन पडले. काम होतं प्राथमिक शिक्षकांना गणित शिकवण्याच्या युक्त्या दाखवायचं. लुसाकाहून ग्रेट ईस्ट रोडने बसचा अख्खा दिवस जातो. त्यातलं मला फक्त मांडीवरची दुसऱ्या कोणाची तरी कोंबडी आठवते.

मी पोचले आणि महिना संपता संपता, २९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ११६ पैकी ८४ जिल्ह्यांत मका उभ्याउभ्या वाळला होता. तिथे मका म्हणजे जेवण. न्शिमा नसेल तर माणूस जेवला असं धरतच नाहीत. भात खाल्ला तर तो नाश्ता. न्शिमा ही आपल्या उकडीची घट्ट बहीण. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, पण ढवळायला कधीच जमली नाही. लाकडी दांड्याने अशी काही रेटावी लागते की माझ्या खांद्याने आठव्या दिवशी राजीनामा दिला. मग शेजारच्या आजी रोज माझ्या वाटणीची करायच्या आणि मी त्यांना शेंगाचटणी द्यायचे. पूर्व झांबियाचे शेंगदाणे टपोरे, अव्वल. त्यात मी लसूण आणि तिखट घालते हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तर हापसा. तिकडे त्याला म्जिगो म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रस्त्यातच थांबले. तोच लांब दांडा, तीच पेटीसारखी चौकोनी मान, आत साखळी, आणि दांडा वर जाताना होणारा तोच ‘क्रँऽक’. आमच्या मंगळवेढा तालुक्यातल्या गावात असाच हापसा होता, आणि मी दहा-बारा वर्षांची असताना त्या दांड्याला लोंबकळून पाणी काढलंय. फरक एवढाच की इथल्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवतात ती चितेंगेची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडाची, आणि वीस लिटरची बादली हात न लावता घरी नेतात. मला हात लावूनही सांडायची.

दिसायला तोच आहे एवढंच नाही, त्याचं कूळही आमचंच. साठच्या दशकात ओतीव लोखंडाचे हातपंप पटापट मोडायचे, म्हणून जालन्यात मिशनऱ्यांनी स्टीलचा दणकट पंप केला. त्यावरून सोलापुरात आणखी सुधारलेला पंप निघाला. सोलापूरचं ते डिझाइन धरून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारी अभियंत्यांनी इंडिया मार्क टू घडवला. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आईने मिलोच्या, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरी आणि सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडली होती. अशाच तहानलेल्या मुलखासाठी झालेलं यंत्र इथे, दुसऱ्यांच्या दुष्काळात उभं. हे मी दुभाषी शिक्षकामार्फत गावाला अगदी रंगवून सांगितलं होतं. नसती हौस. त्याचंच फळ म्हणजे ती साडेपाचची ‘ओदी’.

मी गेले. दांडा हलवला. दांडा हलका लागत होता, साठ-सत्तर वेळा हापसल्यावर तांबडट पाण्याची एक चूळ आली. लहानपणी आमच्या गावात अशा वेळी सगळे एकमुखाने म्हणायचे, वायसर गेला! मीही तेच म्हणाले, मोठ्या अधिकाराने. टाळ्या झाल्या.

दुपारी पंप मेकॅनिक आल्या. सायकलवरून, मागे हत्यारांची पेटी. त्या भागातले सगळे बोरहोल त्याच बघायच्या. त्यांनी पाण्याचा रंग पाहिला, माझं वायसरचं निदान ऐकून घेतलं, झिकोमो, म्हणजे धन्यवाद, म्हणाल्या आणि आठ पुरुषांना बोलावून पाइप उपसायला लावले. तीन-तीन मीटरचा एकेक गॅल्व्हनाइज्ड पाइप, पाण्याने भरलेला. वर ओढताना निसटला तर खालच्या खाली गडप, म्हणून सगळे श्वास धरून. सातवा पाइप वर आला तेव्हा त्याला चाळणीसारखी भोकं होती. तिथल्या भूजलात आम्लता असली की ती हे पाइप आतून खाते, म्हणून पाणी तांबडं. वायसर ठणठणीत होता. मेकॅनिकबाईंनी तो माझ्या हातात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

सहा पाइप बदलायचे, २,४०० क्वाचा, आपले साडेसात हजारांच्या आसपास. समितीकडे तेवढे नव्हते. दर घराने महिन्याला दहा क्वाचा द्यायचे असा नियम, पण त्या साली कोण देणार? समिती म्हणाली, दोन आठवडे थांबू, गोळा करतो. तोवर पाणी नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे करून.

इथे मी माती खाल्ली. दोन दिवस त्या खड्ड्यातलं पाणी गाळून, उकळून प्यायले आणि तिसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता मेकॅनिकबाईंच्या हातात पैसे ठेवले. आठवड्यात हापसा सुरू. मला केवढं धन्य वाटलं! दोन आठवड्यांसाठी येऊन शाळेच्या भिंती रंगवून फोटो काढणाऱ्या पोरांवर मी तोवर भरपूर तोंडसुख घेतलं होतं. माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक होता तर मी फोटो काढला नाही.

पुढच्या महिन्यात वर्गणी आली शून्य. पंप आता इंडियाच्या अमायचा, त्या बघतील. आणि रांगेत मला पुढे ढकलायला लागले. आधीही पाहुणी म्हणून आग्रह व्हायचा, पण मी बादली मागे ठेवली की हसून सोडून द्यायचे. आता माझी बादली ओढून नळाखाली, आणि पहाटे चारपासून बसलेल्या बाया बाजूला. रांगेवरून आमच्या गावात घागरी फुटलेल्या मी पाहिल्यात. रांग मोडणाऱ्या बाईकडे कसं बघतात ते मला चांगलं ठाऊक. इथे कोणी तसं बघत नव्हतं, म्हणून तर जास्त लाज वाटायची. मी अंधार पडल्यावर पाण्याला जायला लागले.

शेवटी अध्यक्षबाई आल्या. ओदी, टाळ्या, कशा उठलात. मग म्हणाल्या, “आम्ही थांबणार होतो ना? तुम्ही विचारलं का नाही?” मला उत्तर सुचलं नाही. त्याच आठवड्यात झाडाखाली बैठक होऊन ठरलं, हे २,४०० गावावरचं कर्ज आणि ते वर्गणीतून फिटेल.

ऑक्टोबरात मधे सुट्टी काढून व्हिक्टोरिया धबधबा पाहून आले. म्हणजे झांबियाच्या बाजूने त्या दिवसांत असतो तेवढा. कडा पाहिला म्हणा.

जानेवारीअखेर मी निघाले तोवर दहा-दहा क्वाचा करत १,८०० परत आले होते. काही नोटांना कोळशाचा वास, एकदा तर निम्मी रक्कम अंड्यांत. जाण्याच्या आदल्या दिवशी खजिनदारबाई वही घेऊन आल्या. मी म्हटलं, राहिलेले ६०० सोडून द्या. त्यांनी ते दुभाष्याकडून दोनदा ऐकून घेतलं, वही माझ्यापुढे सरकवली आणि ‘बाकी ६००’ या आकड्याखाली सही मागितली. मी केली.